मामांची ट्रंक आणि एकतीस मार्च

आमच्या घरात सासऱ्यांना मामा म्हणतात, सासूबाईंना आत्या. घरातला पैशाचा व्यवहार मामांनी चाळीस वर्षं एकहाती सांभाळला. माझा पगार माझ्या खात्यात, यांचा यांच्या खात्यात. पण पीककर्ज, ठेवी, घरपट्टी, लेकीच्या सुकन्या खात्याचा हप्ता हे सगळं मामांकडे. मार्च लागला की धुतलेला सदरा घालून, पिशवी काखेला मारून ते निघायचे आणि चार दिवसांत सगळं उरकून यायचे. काय उरकलं हे आम्ही कधी विचारलं नाही.

२०२५ च्या १९ जानेवारीला पहाटे मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लातूरला अकरा दिवस दवाखाना झाला, १,३८,००० रुपये लागले. माणूस हाती लागला हे फार मोठं. घरी आणलं तेव्हा ‘हो’, ‘नाही’ आणि नातीचं नाव एवढंच त्यांना बोलता येत होतं. हे चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. म्हणजे मार्चचं सगळं माझ्याकडे आलं, आणि घरात काय कुठे आहे याचा मला पत्ता नव्हता. असं अचानक गळ्यात पडलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तारखा, रकमा, हेलपाटे सगळं लिहून काढतेय.

पहिली हाक शाळेतूनच आली. फेब्रुवारीच्या पगारबिलाआधी आम्हाला आयकराचं विवरण द्यावं लागतं. जुनी करप्रणाली की नवी, असं विचारलं गेलं आणि मी गप्प. दरवर्षी मामा आणि ओळखीचे एक विमा एजंट मिळून ठरवायचे, मी सही करायचे. हे एजंट यंदाही आले, ३०,००० रुपये हप्त्याच्या नव्या पॉलिसीचा फॉर्म घेऊन. ‘मॅडम, मार्च संपायच्या आत केलं नाही तर कर कापला जाईल,’ म्हणाले. आदल्याच आठवड्यात दवाखान्याचं बिल भरलेलं. तीस हजार कुठून आणायचे या काळजीनं ती रात्र झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका सहकारी सरांनी कागदावर मांडून दाखवलं. माझा वर्षाचा पगार ७,६०,००० आणि ठेवीचं व्याज ५,०००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली की करपात्र रक्कम ६,९०,०००. २०२४-२५ या वर्षासाठी नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. जुन्या प्रणालीत ५०,००० ची वजावट, २,५०० चा व्यवसाय कर आणि ८०सी चे (गुंतवणुकीवरच्या वजावटीचे) पूर्ण दीड लाख धरले तरी ५,६२,५०० उरतात, त्यावर उपकरासह २६,००० रुपये कर. म्हणजे दीड लाख गुंतवूनही कर भरावाच लागला असता, आणि काहीच न गुंतवता शून्य. पॉलिसीचा फॉर्म मी परत केला. घरकर्जाचं व्याज किंवा मोठं घरभाडं असलेल्यांचं गणित वेगळं निघू शकतं, त्यामुळे माझा आकडा बघून ठरवू नका. पण कागदावर दोन रकाने पाडायला पंधरा मिनिटं लागतात, ती काढा. पुढच्या, म्हणजे २०२५-२६ या वर्षापासून तर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही. विमा घ्यायचा तर घरच्यांच्या संरक्षणासाठी, शांतपणे, जूनमध्येसुद्धा घेता येतो. आणखी एक करून ठेवा: आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपलं वार्षिक माहिती पत्रक उघडून बघा. बँकेनं आपल्या नावावर किती व्याज दाखवलंय ते तिथे दिसतं. माझ्या त्या ५,००० चा अंदाज मला तिथूनच आला.

हे झालं माझं. मामांचं अजून ट्रंकेत होतं.

ट्रंकेची किल्ली मामांच्या करदोड्याला असायची. दवाखान्यात भरती करताना तिथल्या मुलानं करदोडा कापून किल्ली आत्यांच्या हातात दिली. तेव्हापासून ती आत्यांच्या पदराच्या गाठीत होती. रविवार, ९ मार्चला दुपारी आत्यांनी गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, ‘त्यांच्या समोरच उघड माय. त्यांला बरं वाटंल.’

मग पलंगाखालची ट्रंक ओढून मामांच्या डाव्या हाताशी ठेवली. वर नेहरू शर्ट, त्याखाली सातबाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे, तारेला ओवलेल्या मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) विक्रीच्या पट्ट्या, खताच्या पिशवीत रबर लावलेली अकरा पासबुकं आणि एक लाल कापडी वही. वहीत मामांचं अक्षर, पण नावं नाहीत. ‘रा. कडे ५’, ‘बँक २’, ‘ना. सु. १२’ असं. फक्त प्रत्येक पिकाच्या हिशेबाखाली एक ओळ पूर्ण लिहिलेली: ‘खर्च वजा जाता’. त्यापुढे आकडा आणि दुहेरी रेघ.

एक एक पासबुक मी मामांच्या डोळ्यांसमोर धरायची. चालू आहे? ‘हो.’ बंद? ‘हो.’ तीन ढीग केले: चालू, बंद, आणि जे कळत नाही ते. ‘ना. सु.’ म्हणजे नातीची सुकन्या, हे त्यांनी तिचं नाव घेतलं तेव्हा उमगलं. अकरांपैकी चारच खाती जिवंत निघाली. दोन तास लागले. मामा थकले, पण त्यांनी थांबू दिलं नाही.

तळाशी एका पाकिटात एका पतसंस्थेची ठेवपावती होती. १,५०,००० रुपये, १२ टक्के व्याज. पावती वर धरली तर मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी परत विचारलं. आत्या म्हणाल्या, ‘तेवढं एक इचारू नको.’ मराठवाड्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. त्या संस्थेची शाखा केव्हाच कुलूपबंद झालेली. तुरीचे पैसे होते ते, दोन वर्षांचे. मामांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एवढा हिशेबी माणूस, त्यांना ते बोलताच आलं नसेल. मी पावती परत पाकिटात घातली आणि मामांचा हात धरून बसले. त्या दिवशी आणखी काही उघडलं नाही.

धुळवडीनंतरच्या शनिवारी, १५ मार्चला हे आले. रात्री दोघांनी बसून नव्या वहीत सगळं मांडलं. कुठलं खातं, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, कुणाच्या नावावर, वारस (नॉमिनी) कोण, मार्चअखेर काय करायचं. मामांच्या नावावरच्या खात्यांना वारस म्हणून त्यांच्या आईचं नाव, आणि ती २००९ मध्ये वारली. हे वाचून आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो.

सगळ्यात मोठं ओझं पीककर्जाचं निघालं. १४ जून २०२४ ला १,६०,००० उचललेले, ३१ मार्चपर्यंत भरायचे. मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्क्यांची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यावर येतं. व्याज आधी भरावं लागतं, सवलत मागाहून खात्यात जमा होते. मुदत चुकली की सवलत गेली, आणि खातं थकीत दिसू लागलं की पुढचं कर्ज अवघड. म्हणून आमच्याकडे सगळे मार्चमध्ये ‘नवं-जुनं’ करतात. जुनं भरायचं, लगेच नवं मंजूर करून घ्यायचं. मधल्या दहा-पंधरा दिवसांसाठी पैसे उभे करायचे, तिथे माणूस सावकाराच्या दारात जातो.

मार्चमध्ये आमची शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी बँक गाठता यायची. १७ मार्चला, सोमवारी, तालुक्याच्या शाखेत गेले. तासभर रांग. खिडकीवर सांगितलं की खातेदाराची सही हवी, ती होत नसेल तर मुखत्यारपत्र करून आणा. बाहेर एका नोटरीनं १,५०० रुपये सांगितले. मी पाकीट उघडलं होतं. तेवढ्यात वाटलं, जो माणूस बोलू शकत नाही त्याचं मुखत्यारपत्र करायचं तरी कसं? परत आत जाऊन थेट व्यवस्थापकांना भेटले. ते म्हणाले, ‘मुखत्यारपत्र लागत नाही. आजारपणामुळे सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतील, त्यातला एक आमचा अधिकारी. त्यांना फक्त इथवर आणा.’ ही गोष्ट लक्षात ठेवा. घरात कुणी अंथरुणाला असेल तर बँकेत पहिला प्रश्न हाच विचारा, आणि खिडकीवर नाही, आत जाऊन विचारा.

त्यांनी कागदांची यादी दिली. मामांचं आधार, पॅन, सातबारा, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा) आणि दुसऱ्या बँकेचं किंवा गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज नसल्याची बेबाकी. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या प्रत्येकी १५ रुपयांत मिळाले, तलाठ्याकडे जावं लागलं नाही. बेबाकीला मात्र दोन हेलपाटे. सोसायटीचे सचिव तीन गावं सांभाळतात, आमच्याकडे कधी येतील त्याचा नेम नाही. शेवटी १९ तारखेला त्यांना दुसऱ्या गावात गाठलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हेच काम असतं तर माझं झालंच नसतं.

भरायची रक्कम निघाली १,६८,७७६ रुपये, २७ मार्चपर्यंतच्या व्याजासह. आणि हातात होतं काय? मामांच्या बचत खात्यात साडेसहा हजार, त्यातले २,००० पीएम-किसानचे, २४ फेब्रुवारीला आलेले. माझी ७५,००० ची ठेव. आणि ओसरीवर थप्पीला लावलेलं २६ क्विंटल सोयाबीन.

त्या सोयाबीनबद्दल लिहिणं मला जड जातं. हमीभाव ४,८९२ रुपये होता. मामांनी खरेदी केंद्रावर नाव नोंदवलेलं. माल घेऊन या असा मेसेज त्यांच्या मोबाइलवर आला तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो, मोबाइल घरी उशाखाली. आम्ही बघेपर्यंत फेब्रुवारीत केंद्रं बंद झाली. मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास. मामांना अजून भाव वाढेल असं वाटत होतं. दरवर्षी ते थांबतात आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर निघतं. विकायचं म्हटल्यावर त्यांनी डाव्या हातानं पलंगाची पाटी आपटली. ‘नाही. नाही.’ आत्या रडायला लागल्या.

मी वही घेऊन मामांशेजारी बसले. एका बाजूला लिहिलं: सोयाबीन ठेवायचं, सावकाराकडून तीन रुपये शेकड्यानं एक लाख, महिन्याला ३,००० व्याज. २६ क्विंटलांवर ते क्विंटलमागे ११५ रुपये पडतात. म्हणजे दर महिन्याला भाव ११५ नं वाढला तरच बरोबरी. मामांनी आकडे बोटानं परत परत चाचपले. खूप वेळानं ‘हो’ म्हणाले. मी त्यांना मनवलं असं मला म्हणायचं नाही. त्यांनी हिशेब तपासला आणि तो त्यांना पटला.

मध्येच बँकांच्या संपाची बातमी आली. २४ आणि २५ मार्चला संप, त्याआधी २२ ला चौथा शनिवार, २३ ला रविवार. म्हणजे सलग चार दिवस बँका बंद. त्यापुढे ३० ला पाडवा, ३१ ला ईद, १ एप्रिलला बँकांचा वार्षिक हिशेबाचा बंद. माझ्या पोटात गोळा आला. २१ तारखेला संध्याकाळी संप पुढे ढकलल्याचं कळलं तेव्हा मी देवासमोर दिवा लावला. पुढच्या वर्षी १ मार्चलाच कॅलेंडरवर सुट्ट्या लाल पेननं गोल करणार आहे. ३१ तारीख ही कागदावरची शेवटची तारीख असते, खरी शेवटची तारीख चार-पाच दिवस आधीच येते.

२४ मार्चला पिकअपमधून ५२ कट्टे लातूरच्या मोंढ्यात नेले. मी पहिल्यांदाच लिलावाला उभी राहिले. आडत्यांनी मामांची चौकशी केली, त्यांचेही डोळे भरले. माल खडखडीत वाळलेला, ४,०२० नं गेला. १,०४,५२० रुपये झाले, हमाली-तोलाई ७२० वजा जाऊन १,०३,८०० ची पट्टी. हमीभावानं गेलं असतं तर २२,६७२ रुपये जास्त आले असते. हा आकडा मी मामांना सांगितला नाही. त्यांना तो माहीतच असणार.

पट्टीचे पैसे २६ ला खात्यात आले. उरलेल्यासाठी माझ्या ठेवीवर कर्ज घेतलं, ६२,००० रुपये. ही सोय मला माहीतच नव्हती, व्यवस्थापकांनी सांगितली. ठेव मोडावी लागत नाही. तिच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त. माझी ठेव ७ टक्क्यांची, म्हणून कर्ज ८ टक्क्यांचं. चौदा दिवसांचं व्याज पडलं १९० रुपये. तेच ६२,००० सावकाराकडून घेतले असते तर महिन्याचे १,८६० गेले असते, आणि चौदा दिवसांत परत केले तरी तो पूर्ण महिन्याचंच घेतो. गावात कितीतरी घरांत अशी छोटी ठेव असते आणि तरी माणसं मार्चमध्ये शेकड्यानं पैसे काढतात. कृपा करून आधी बँकेत विचारा.

२७ मार्च, गुरुवार. भाच्याच्या गाडीतून मामांना नेलं. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. आत्यांनी कपाळाला अबीर लावला. शाखेला सहा पायऱ्या. आम्ही खुर्ची उचलायच्या तयारीत होतो, तोवर अधिकारी स्वतः कागद आणि शाईचा पॅड घेऊन गाडीपाशी आले. मामांना नमस्कार करून म्हणाले, ‘काका, कर्ज भरताय, नवं घेताय, बरोबर?’ मामा म्हणाले, ‘हो.’

मामा सातवी शिकलेले. पूर्ण नावाची सही करतात, खाली दोन टिंबं देतात. त्यांना आजवर अंगठा लावताना कुणी पाहिलेलं नाही. शाईचा पॅड पुढे केला तेव्हा त्यांनी पेनाकडे हात केला. पेन डाव्या हातात दिलं. कागदावर एक वाकडी रेघ उमटली आणि पेन घसरलं. त्यांनी स्वतःच पेन बाजूला ठेवलं आणि अंगठा पुढे केला. डाव्या हाताचा. अधिकाऱ्यांनी सात ठिकाणी घेतला, दर वेळी ‘काका, आणखी एक’ म्हणत. शेजारचे काका साक्षीदार. शेवटी मी ओल्या रुमालानं अंगठा पुसत होते, पण शाई रेषांमध्ये बसलेली. घरी येईपर्यंत मामा त्या अंगठ्याकडेच बघत होते.

त्याच दिवशी दोन कामं आणखी करून घेतली. मामांच्या बचत खात्याला आत्यांचं नाव जोडलं, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल अशा पद्धतीनं. आणि सगळीकडे वारस बदलला. बँक ठेवींचा वारस बदलायला तेव्हा डीए-३ नावाचा फॉर्म होता, पैसे लागले नाहीत. आत्यांचं नाव आधीच जोडलेलं असतं तर जानेवारीतच मामांच्या खात्यातून दवाखान्याला पैसे काढता आले असते. तेव्हा हे चाकणहून मित्रांकडून मागून आणत होते.

दुसऱ्या दिवशी, २८ ला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा असं जाहीर सांगितलं. निवडणुकीत कर्जमाफीचा शब्द दिलेला, म्हणून आमच्या गावात निम्मे लोक न भरता थांबले होते. ‘माफी होणार होती, तू कशाला घाई करतेस,’ असं मला दोन दिवस आधी म्हणणाऱ्या जाऊबाई त्या संध्याकाळी वाडग्यात बाजरी घ्यायला आल्या आणि चुलीपाशी बसून राहिल्या. त्यांच्याकडे विकायला सोयाबीनही उरलेलं नव्हतं. थांबणाऱ्यांना मी दोष देत नाही. दिलेल्या शब्दावर विसंबलेली माणसं होती ती.

शनिवारी, २९ ला टपाल कार्यालयात. मामा सुकन्या खात्यात वर्षाला १२,००० भरायचे, यंदा एक रुपयाही नव्हता. वर्षाला किमान २५० भरले नाहीत तर खातं खंडित होतं आणि ५० रुपये दंड लागतो. मी त्या दिवशी २५० भरले, उरलेले ४ एप्रिलला. कारण व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. २९ मार्चला भरले काय आणि ५ एप्रिलच्या आत भरले काय, व्याज एप्रिलपासूनच. नव्या करप्रणालीत ८०सी नाही, मग मार्चमध्येच घरातली रोकड का रिकामी करायची? माझ्या पीपीएफचे किमान ५०० मी मोबाइलवरून भरले, त्यालाही हाच नियम. ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टीही त्याच दिवशी भरून टाकली.

एक बारीक गोष्ट. मामांच्या पासबुकात दरवर्षी मेअखेर २० रुपये वजा झालेले दिसले. तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाताचा. माझ्या खात्यातून जीवनज्योती या आयुर्विम्याचेही ४३६ जातात. मेअखेर खात्यात तेवढे नसले की विमा बंद पडतो आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. खातं आटवू नका.

पतसंस्थेचंही सांगते. पावती, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स जोडून, मामांच्या अंगठ्याचं अधिकारपत्र घेऊन ३ एप्रिलला जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिला. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली गुन्हा नोंदलेला आहे. तिथे बाकावर माझ्यासारख्या बऱ्याच बायका होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. एका आजींनी लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. पैसे मिळतील असं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही घरी तसं सांगितलं नाही. पोच मात्र घेतली, तारीख-शिक्क्यासह. बँकेतल्या ठेवींना दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थांना तो नसतो. १२ टक्क्यांच्या पाटीखाली हे कुणी लिहीत नाही. मामांना हे माहीत असतं तर त्यांनी ते पैसे तिथे नसते ठेवले.

७ एप्रिलला नवं कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला. पूर्वी मामा पूर्ण रक्कम एकदम उचलायचे. मी ९ एप्रिलला फक्त ६२,१९० काढून ठेवीवरचं कर्ज फेडलं. बाकी मर्यादा तशीच आहे, जूनला बी-खतं घ्यायच्या वेळी काढू. हे पीककर्ज किसान क्रेडिट कार्डावरचं, त्यात उचललेल्या रकमेलाच व्याज लागतं.

त्या संध्याकाळी मामांशेजारी बसून वहीत शेवटचा हिशेब लिहिला. सोयाबीन, २६ क्विंटल, १,०३,८००. खाली दुहेरी रेघ ओढली आणि वही त्यांच्यासमोर धरली. मामांनी आकड्यावर बोट ठेवलं. ‘नाही.’ मी पट्टी काढून दाखवली, आकडा बरोबर होता. ‘नाही.’ बोट उचलायलाच तयार नाहीत. मग लाल वहीत त्यांचीच जुनी ओळ दिसली, आणि लक्षात आलं. पिकअपचं भाडं २,२०० मी धरलंच नव्हतं. रेघ खोडली, ‘खर्च वजा जाता १,०१,६००’ असं लिहिलं. मामांनी वही स्वतःच्या हातानं मिटवली आणि उशाखाली सारली.